पडद्यावरची बाई, पडद्यासमोरची बाई

२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाविरोधी दिन आणि १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. या दोन तारखांमधले सोळा दिवस जवळ आले, की गटागटांमधून एक विचारणा हमखास होते : "दाखवायला एखादा चांगला सिनेमा सुचवा." ८ मार्चच्या आधी तर ती दुपटीने वाढते. पूर्वी सोळा मिलिमीटरची रिळे आणि प्रोजेक्टर मिळवण्यासाठी धावपळ करावी लागे. मग व्हिडिओ कॅसेट आणि भाड्याचा टीव्ही आला. आता एक लॅपटॉप आणि भिंतीवर ताणलेली पांढरी चादर पुरते. साधने सोपी झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण साधने सोपी झाली की काही प्रश्न विचारायचे राहून जातात. हा सिनेमा कोणी काढला? ज्या बाईवर तो आहे, तिला तो दाखवला होता का? आणि तो पाहून झाल्यावर समोर बसलेल्या बायांनी काय करायचे?

१९९३ साली व्हिएन्नाला जागतिक मानवी हक्क परिषद झाली. स्त्रियांचे हक्क हा मानवी हक्कांचा अविभाज्य भाग आहे, असे त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात नोंदवले गेले. घराच्या चार भिंतींआड होणारी मारहाण ही घरगुती बाब नाही, तो माणसाच्या हक्काचा भंग आहे, हे जगाच्या व्यासपीठावर मान्य व्हायला एवढी वर्षे लागली. हे सारे आपण शिबिरांमधून सांगतो. पण ज्या सिनेमाच्या मदतीने आपण ते सांगतो, त्या सिनेमाच्या बाबतीतही बाईला हक्क असतात, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. म्हणून या वेळी त्याबद्दल थोडे सविस्तर.

सुरुवात आपल्या जवळच्या उदाहरणापासून करू. 'मोलकरीण' या नावाचे दोन चित्रपट मराठी मुलखात झाले. पहिला १९६३ सालचा. सुलोचनाबाई त्यात आई होत्या आणि ती आई आपल्याच मुलाच्या घरी ओळख लपवून मोलकरीण म्हणून राबते. तो पाहून महाराष्ट्रातल्या बाया खूप रडल्या. आईच्या त्यागाची ती गोष्ट होती. मोलकरणीच्या पगाराचा, सुट्टीचा, दुखण्याखुपण्याचा प्रश्न तिथे येण्याचे कारणच नव्हते, कारण ती खरे तर मोलकरीण नव्हतीच.

दुसरा 'मोलकरीण' १९८१ सालचा, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या. कामाचा योग्य मोबदला, हक्काची सुट्टी आणि माणूस म्हणून वागणूक, एवढेच त्यांचे मागणे होते. त्याच वर्षी बंगळूरला दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा चित्रपट गट सुरू केला होता. या गटाने पुण्याच्या मोलकरणींबरोबर आपला पहिला चित्रपट केला. त्यात रडणारी, सोसणारी आई नाही. स्वतःच्या तोंडाने आपल्या कामाचा हिशेब मांडणाऱ्या, एकमेकींना गोळा करणाऱ्या, संघटना बांधणाऱ्या बाया आहेत. ज्या बाईला आपले काम हे 'काम' आहे असे कोणी कधी म्हटले नव्हते, तिने तो पाहिला म्हणजे तिला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. दुसऱ्या शहरातली, दुसऱ्या वस्तीतली, पण आपल्यासारखीच भांडी घासणारी बाई पडद्यावर बोलते आहे आणि मालकीण ऐकून घेते आहे! व्याख्यानाने जे होत नाही, ते इथे होते.

यानंतर 'युगांतर'चा गट निपाणीला गेला. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. पण तिथल्या तंबाखू कामगार बायांची बोली मराठी. वखारींमधली तंबाखूची धूळ, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक याबद्दल बाहेर कोणाला फारसे माहीत नव्हते. गटाने तिथे चार महिने काढले. बायांच्या बैठकांना बसायचे, त्यांचे ऐकायचे, संघटनेची आखणी कशी चालली आहे ते समजून घ्यायचे, आणि मग कॅमेरा सुरू करायचा, अशी ती पद्धत होती. त्यातून १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट झाला. काय दाखवायचे हे बायांच्या लढ्यातून ठरत गेले. अलीकडच्या वर्षांत हे चित्रपट बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या मदतीने दुरुस्त होऊन पुन्हा पाहायला मिळू लागले आहेत. चाळीस वर्षांनंतरही ते जुने वाटत नाहीत, त्याचे कारण ही पद्धत.

पुण्यातच 'स्त्रीवाणी'च्या कामातून सुमित्रा भावे चित्रपटाकडे वळल्या, त्याचीही हकिगत विचार करण्यासारखी आहे. झोपडवस्तीतल्या बायांच्या जगण्याचा त्यांचा अभ्यास चालू होता. पण अभ्यासाचा अहवाल कोण वाचणार? ज्यांच्याबद्दल तो लिहायचा, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला आणि १९८७ साली 'पाणी'. बाईकडून घेतलेली माहिती तिच्याच भाषेत तिच्याकडे परत पोचवणे, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे सर्वेक्षणे पुष्कळ होतात. प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या मुली वस्तीत येतात आणि जातात. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे वस्तीला क्वचितच कळते. त्या दृष्टीने हा साधा विचार आजही मोलाचा आहे.

जिवंत माणसांऐवजी कथा रचून सांगण्याचाही मार्ग आहे. १९८३ साली, म्हणजे ४९८ अ हे कलम ज्या वर्षी कायद्यात आले त्याच वर्षी, 'युगांतर'ने हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर 'इदी कथा मात्रमेना' हा तेलुगू चित्रपट केला. 'ही फक्त कथाच आहे का?' असा त्या नावाचा अर्थ. घरातली घुसमट, मारहाण आणि त्यातून येणारे खचलेपण हा विषय. गटातल्या स्त्रियांनी आपसात चर्चा करून, प्रसंग उभे करून तो घडवला. एका कोणा बाईचे नाव, घर, गाव उघडे न पाडता अनेकींचे अनुभव त्यात आले. छळ अजून चालू आहे, त्याच घरात रात्री परत जायचे आहे, अशा बाईला कॅमेऱ्यासमोर बसवणे धोक्याचे असते. तिथे कथा ही तिची ढाल होऊ शकते.

आपल्याकडचे कथापट वापरतानाही जरा जपून वापरावेत. जब्बार पटेलांचा १९८२चा 'उंबरठा' आपल्या शिबिरांचा जुना सोबती आहे. तो दाखवला, की चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते : सुलभा महाजनने घर सोडले हे बरोबर की चूक? मुलीचे काय, नवऱ्याचे काय, यावर तासभर वाद रंगतो. पण जिथे ती नोकरीला जाते त्या सुधारगृहातल्या बायांचे काय? त्यांना तिथे कोणी आणले, बाहेर पडायचा हक्क त्यांना आहे का, तिथल्या कारभारावर कोणाची देखरेख आहे, हे प्रश्न मागे पडतात. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावरून आपली नजर हलत नाही, हे तिच्या अभिनयाचे यश. पण चर्चा चालवणाऱ्या कार्यकर्तीने ती नजर हलवायची असते. ज्यांना पडद्यावर नाव नाही, त्यांची आठवण करून देणे हे तिचे काम.

आता जरा अवघड भागाकडे वळू.

१९९४ साली 'बँडिट क्वीन' आला. फूलन देवी त्याच वर्षी तुरुंगातून सुटल्या होत्या. त्यांच्या आयुष्यावरचा हा चित्रपट परदेशात गाजत होता आणि तो आपल्या संमतीवाचून आपल्यावरचे अत्याचार जगाला दाखवतो आहे, अशी तक्रार घेऊन त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पुढे तडजोड झाली. दुसऱ्या एका याचिकेवर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला मोकळीक दिली. त्यातली दृश्ये वासना चाळवण्यासाठी नसून अत्याचाराची चीड यावी म्हणून आहेत, चित्रपट अखंड पाहून निवाडा करावा, असे न्यायालय म्हणाले. अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निकाल महत्त्वाचाच आहे. पण त्या सगळ्या वादात प्रेक्षकाच्या मनावर काय परिणाम होईल याचीच चर्चा झाली. जिच्यावर बलात्कार झाला ती बाई जिवंत आहे, ती नको म्हणते आहे, तरीही तो प्रसंग पडद्यावर उभा करायचा का, हा प्रश्न बाजूला पडला. हेतू चांगला होता, चीड खरी होती, कलावंत गुणी होते. पण बाईला विचारायचे राहिले ते राहिलेच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झाले. दलित आणि इतर ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले हे वृत्तपत्र. त्यांच्या कामावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२१ साली आला, जगभर नावाजला गेला, ऑस्करच्या अंतिम यादीतही पोचला. त्या वेळी, मार्च २०२२मध्ये, खबर लहरियाच्या स्त्रियांनी निवेदन काढून सांगितले, की यात दिसते ती आमची पूर्ण गोष्ट नाही. आमच्या कामाचा एकच भाग उचलून, आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागे लागलो आहोत असे चित्र उभे केले आहे. माहितीपट करणाऱ्यांची सहानुभूती होती, त्यांनी वर्षानुवर्षे मेहनतही घेतली होती. त्यांना चित्रपट करण्याचा हक्क होताच. पण ज्या स्त्रिया स्वतः बातमीदार आहेत, दुसऱ्यांच्या गोष्टी जबाबदारीने सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनाही आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेल्यावर हे म्हणावे लागले. मग नाव-गाव नसलेल्या, कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईचे काय होत असेल? संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे आपण समजतो. पण हा सिनेमा कुठे कुठे दाखवला जाईल, नवऱ्याच्या मोबाइलवर येईल का, मुलीच्या सासरी पोचेल का, पाच वर्षांनी नको वाटले तर तो मागे घेता येईल का, हे तिला कोणी समजावून सांगितलेले नसते.

आणि मग मणिपूर. ४ मे २०२३ रोजी दोन कुकी स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर दोन महिने काहीही हलले नाही. १९ जुलैला त्या प्रसंगाची चित्रफीत मोबाइलवरून देशभर फिरली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली आणि पहिली अटक झाली. यावरून कोणी म्हणेल, बघा, दृश्याची ताकद केवढी! ताकद आहेच. पण या तारखा दुसरेही काही सांगतात. तक्रार दाखल होती, कागद तयार होता, तरी बाईचा शब्द पुरेसा ठरला नाही. तिची विटंबना डोळ्यांनी पाहिल्यावरच देशाचा विश्वास बसला. ती चित्रफीत न्यायासाठी काढलेली नव्हती. मर्दुमकी मिरवण्यासाठी काढलेली होती. ती पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने, चांगल्या हेतूने का होईना, त्या स्त्रियांना पुन्हा एकदा त्या रस्त्यावरून चालवले.

बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. पूर्वी दंड विधानाचे कलम २२८ अ होते, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. तिने स्वतः लेखी परवानगी दिली, तर गोष्ट वेगळी. आपल्यातल्या काही मैत्रिणींना ही गुप्तता खटकते. लाज गुन्हेगाराला वाटायला हवी, मग नाव तिने का लपवायचे? प्रश्न रास्त आहे. २०२४ साली फ्रान्समध्ये जिझेल पेलिको या स्त्रीने आपल्यावरच्या अत्याचारांचा खटला उघड चालवायला लावला. नवऱ्यानेच काढलेल्या चित्रफिती भर न्यायालयात दाखवाव्यात, हा आग्रहही तिचाच. डिसेंबर २०२४मध्ये तिचा नवरा आणि इतर पन्नास पुरुष दोषी ठरले. तिथेही गुन्हेगाराने काढलेली चित्रफीत आणि मणिपुरातही तीच. फरक एवढाच, की फ्रान्समध्ये दाखवायचे की नाही हे त्या बाईने ठरवले. आपल्या दृष्टीने हा फरक सगळ्यात मोठा आहे.

याचा अर्थ सरकारने सिनेमांवर बंदी घालावी असा कोणी काढू नये. २०१५ साली 'इंडियाज् डॉटर' या माहितीपटावर बंदी आली, तेव्हा चळवळीतल्या अनेकींची अवस्था अवघड झाली होती. १६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या घटनेवरचा तो माहितीपट. शिक्षा झालेल्या एका गुन्हेगाराची तुरुंगातली मुलाखत त्यात होती. अपील अजून प्रलंबित होते, म्हणून प्रसारण पुढे ढकलावे असे काही स्त्रीवादी वकील आणि कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. गुन्हेगाराच्या तोंडच्या मुक्ताफळांना एवढी जागा का, असाही सवाल होता. पण टीका करणे वेगळे आणि बंदी घालणे वेगळे. सरकारची बंदी बायांच्या सन्मानासाठी क्वचितच असते. देशाची बदनामी होते, हीच तिची काळजी. तीच काळजी उद्या आपण काढलेल्या सिनेमावर उलटते.

आनंद पटवर्धनांना 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा सती, पौरुष आणि धर्मांधता यांच्या नात्यावरचा माहितीपट दूरदर्शनवर दाखवला जावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. नव्वदच्या दशकातल्या या माहितीपटाचा निकाल २००६ साली त्यांच्या बाजूने लागला. २००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकत्र आले आणि 'विकल्प' हा समांतर महोत्सव त्यांनी भरवला. २०२१ साली सेन्सॉरविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरणच रद्द झाले. आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. वकिलाचा खर्च छोट्या गटाला कुठून परवडणार? हे सगळे लक्षात ठेवून आपली भूमिका स्वच्छ असावी : सरकारी कात्रीला विरोध, आणि पडद्यावरच्या बाईच्या नकाराला मान. या दोन गोष्टींत विसंगती नाही.

आता पडद्यासमोरच्या बाईबद्दल.

सिनेमा पाहिल्याने डोळे उघडतात असे आपण म्हणतो. पण नुसते डोळे उघडून भागत नाही, याचे एक उदाहरण पाहा. दीपा धनराज यांनी १९९१ साली 'समथिंग लाइक अ वॉर' हा माहितीपट केला. कुटुंबनियोजनाच्या नावाखाली चालणारी नसबंदी शिबिरे, आकड्यांची उद्दिष्टे, झटपट शस्त्रक्रियांचा अभिमान बाळगणारा डॉक्टर आणि दुसरीकडे आपल्या शरीराबद्दल मोकळेपणाने बोलणाऱ्या बाया, असे सारे त्यात होते. स्त्री-आरोग्याच्या चळवळीने तो ठिकठिकाणी दाखवला. त्यानंतर २३ वर्षांनी, नोव्हेंबर २०१४मध्ये, छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या अशा शिबिरांतून आलेल्या १३ बाया दगावल्या. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो याचिका, अहवाल आणि पाठपुरावा यांच्या बळावर. सिनेमाने प्रश्न दाखवला, पण तो सोडवायला कागद घेऊन न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी माणसे लागली. सिनेमा हा कामाचा आरंभ आहे, आणि आरंभालाच समारोप समजण्याची चूक आपल्या कार्यक्रमांमध्ये फार होते. सिनेमा संपतो, दिवे लागतात, आभार मानले जातात, चहा होतो. बाया डोळे पुसत घरी जातात. रडू आले म्हणजे जागृती झाली, असे आपणही समजतो आणि अहवालात 'उपस्थिती १२०' असे लिहितो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांतल्या बऱ्याच तुम्हाला अनुभवाने ठाऊक असतील.

सिनेमा आधी कार्यकर्त्यांनी पूर्ण पाहावा. नुसत्या नावावरून किंवा बक्षिसांवरून निवडू नये. त्यात बलात्काराचे किंवा मारहाणीचे दृश्य असेल, तर सुरुवातीलाच तसे सांगावे आणि उठून जायचे असेल तर जाता येईल अशी बैठक ठेवावी. समोरच्या गर्दीत असे सोसलेली बाई नाही, असे कधीही गृहीत धरू नये.

सिनेमा छोटा निवडावा आणि बोलायला वेळ मोठा ठेवावा. पंचवीस मिनिटांच्या 'मोलकरीण'नंतर दीड तास बोलणे होऊ शकते. अडीच तासांच्या चित्रपटानंतर बायांना स्वयंपाकाची घाई असते. वेळ बायांना विचारून ठरवावी. नळाला पाणी कधी येते, पाळी कोणाची कधी सुटते, हे त्यांनाच माहीत. मुलांना सांभाळायची सोय नसेल, तर अर्ध्या बाया अर्धाच सिनेमा पाहतात.

चर्चेत पहिला प्रश्न "सिनेमा कसा वाटला?" असा विचारू नये. त्याचे उत्तर "छान वाटला" असे येते आणि तिथेच संपते. पडद्यावरच्या बाईच्या जागी तू असतीस तर आधी कोणाकडे गेली असतीस, असे विचारावे. त्या उत्तरातून गावात कोण आधाराचे आहे आणि कोण नाही, याचा नकाशाच तयार होतो.

चर्चेत कोणी बाई आपलेच बोलू लागली, तर पुढे काय, याची तयारी हवी. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध २००५चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकामगार बाईचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ज्या घरात ती काम करते ते घरही कामाचे ठिकाण मानले जाते. ही माहिती आणि तालुक्याच्या संबंधित कार्यालयांचे पत्ते हाताशी असल्याशिवाय सिनेमा लावू नये. बाईला बोलते करून तिला रस्त्यावर सोडून देणे यासारखा दुसरा अन्याय नाही.

आणखी एक. आपण बहुतेक वेळा सिनेमा त्यांनाच दाखवतो, ज्यांना ते दुःख आधीच माहीत आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबईतल्या दंगलींनंतर मधुश्री दत्ता यांनी वांद्र्याच्या बेहरामपाड्यावर 'आय लिव्ह इन बेहरामपाडा' हा माहितीपट केला. वस्तीतल्या मुस्लिम रहिवाशांचे त्यात ऐकायला मिळते, तसे समोरच्या इमारतींमधल्यांचेही. असा माहितीपट वस्तीत दाखवणे सोपे. समोरच्या इमारतीत दाखवणे अवघड, आणि खरी गरज तिथेच. मोलकरणींवरचा सिनेमा मोलकरणींना दाखवावाच, पण महिला मंडळाच्या हळदीकुंकवालाही दाखवावा. तिथे चर्चा गरम होईल. होऊ द्यावी.

शेवटी कॅमेऱ्याबद्दल. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बायांनी व्हिडिओ कॅमेरा चालवण्याचे शिक्षण घेतले. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. यंत्रावरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नसताना त्या चित्रण करायला शिकल्या आणि 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली. आपल्या बाजारातला, आपल्या टोपलीभोवतीचा प्रश्न त्यांनी स्वतः टिपला. बाईला तंत्र जमत नाही ही समजूत त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच खोटी ठरवली होती. आज कॅमेरा पुष्कळ घरांतल्या मोबाइलमध्ये आहे. तो बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात असतो, आणि मुलीच्या हातात आला तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो, ही गोष्ट वेगळी. रेशन दुकानातला कारभार, शाळेतल्या बंद संडासाचे कुलूप, ग्रामसभेत बायांना बोलू न देणारा सरपंच, हे टिपायला मोठी कला लागत नाही. जे टिपले ते कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे मात्र गटात बसून ठरवावे लागते. फिरवून टाकायला क्षण पुरतो, परत मात्र घेता येत नाही.

मैत्रिणींनो, येत्या हंगामात तुमच्या गटात कोणता सिनेमा दाखवला, तो कोणी निवडला, चर्चेत काय निघाले, आणि मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात काय झाले, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. एखादा सिनेमा दाखवायचा नाही असे तुम्ही ठरवले असेल, तर तेही लिहा, कारणांसह. त्या पत्रांना पुढच्या अंकात जागा देऊ. कोणत्या सिनेमाने किती बायांना रडवले याची मोजदाद आपल्याला नको. सिनेमा पाहून घरी गेलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी शेजारणीला काय सांगितले, हे कळले तर ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.